ओळंबा, तोल आणि आपलं उभं राहणं

उभं राहण्याच्या सवयींविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत ‘ताठ कसं उभं राहू?’ हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. उत्तरांत आम्ही ‘ताठ’ हा शब्द शक्यतो टाळला आहे. का, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न : आरशासमोर छाती पुढे, खांदे मागे, पोट आत असं उभं राहतो तेव्हा छान दिसतं. पण पाच मिनिटांत कंबर भरून येते आणि पुन्हा पहिले पाढे. सरळ उभं राहणं म्हणजे नेमकं काय? (वय ३६)

पाच मिनिटांत कंबर भरून येत असेल तर ते सरळ उभं राहणं नव्हे, तो एक व्यायाम झाला. सरळ उभं राहण्याची खरी खूण अशी की त्यात कष्ट फार कमी पडतात.

गवंडी भिंतीला लावतो तसा ओळंबा तुमच्या शेजारी सोडला आहे असं समजा आणि कुशीच्या बाजूने बघा. दोरी कानाच्या छिद्रावरून, खांद्याच्या सांध्याच्या मधून, खुब्याला बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावरून, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून आणि बाहेरच्या घोट्याच्या दोन-तीन बोटं पुढून खाली गेली, तर शरीर ओळंब्यात आहे.

शेवटच्या दोन जागा नीट पाहा. दोरी घोट्यावरून जात नाही, त्याच्या पुढून जाते. म्हणजे शरीराचा भार टाच आणि चवडा यांच्या दरम्यान पडतो आणि पुढे-मागे दोन्हीकडे थोडी मोकळी जागा राहते. पण भार घोट्याच्या पुढे असल्यामुळे शरीर सतत पुढे पडू पाहतं. ते मागे खेचून धरायचं काम पोटरीचा आतला, खोलवरचा स्नायू करतो. आपण उभे असेपर्यंत त्याला सुट्टी नसते, आणि तो मुळात अशाच चिवट कामासाठी घडलेला आहे. गुडघ्यात भार सांध्याच्या पुढे पडतो, त्यामुळे गुडघा आपोआप सरळ राहतो आणि मांडीचा पुढचा स्नायू जवळजवळ मोकळा असतो. खुब्यात भार सांध्याच्या जरासा मागे पडतो. तिथे सांध्याच्या पुढचा जाडजूड अस्थिबंध ताणला जाऊन धड मागे कलू देत नाही. या सोयीमुळेच नुसतं उभं राहायला बसण्यापेक्षा थोडीशीच जास्त ऊर्जा लागते.

याची परीक्षा आत्ताच करता येते. उभे राहा, थोडं वाकून गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. वाटी सैल हलत असेल तर मांडी विश्रांतीत आहे. घट्ट बसली असेल तर तुम्ही विनाकारण मांडी आवळून उभे आहात.

आता छाती काढण्याचं. छाती पुढे काढली की फासळ्यांचा पिंजरा वर उचलला जातो, धडाचं वजन मागे जातं आणि कमरेचे स्नायू आखडून ते तोलून धरतात. खांदे मागे ओढले की दोन्ही पाठफळ्यांमधले स्नायू अखंड काम करत राहतात. पोट आत ओढलं की श्वास वरवरचा होतो. एकाच वेळी तीन ठिकाणी पहारा बसवल्यावर पाच मिनिटं टिकलात हेच पुष्कळ.

त्याऐवजी खालून वर या. पावलं खुब्याच्या रुंदीइतकी दूर, बोटं किंचित बाहेर. टाचा न उचलता घोट्यातून पुढे-मागे डुला आणि डुलणं हळूहळू कमी करत न्या. जिथे पायाची बोटं जमीन पकडत नाहीत आणि घोट्यापुढच्या कंडराही (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) वर येत नाहीत, तिथे थांबा. या जागी टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तिन्हींवर भार जाणवतो, त्यातही टाचेवर थोडा जास्त. मग गुडघे पूर्ण मागे नेऊन केसभर सैल सोडा. वाकवू नका, फक्त मागची दाब काढून घ्या. कंबर चार-पाच वेळा पुढे-मागे कलवा आणि मध्यावर सोडा. एक लांब उच्छ्वास टाका, खालच्या फासळ्या आपोआप खाली येतात. त्या तिथेच राहू द्या. शेवटी डोक्याचा मागचा भाग वर जातो आहे अशी कल्पना करा. हनुवटी वर येता कामा नये. खांद्यांना काहीही करायचं नाही, ते बरगड्यांवर आपापले टेकतात.

जमलं की नाही हे ओळखायला दहाही बोटं जमिनीवरून उचलून बघा. धड न हलता बोटं उचलली गेली तर भार जागेवर आहे. उचलताना शरीर मागे झुकावं लागलं, तर तुम्ही चवड्यांवर उभे होतात.

प्रश्न : फोटो काढताना लक्षात आलं की मी अजिबात स्थिर उभी राहू शकत नाही, सतत बारीक डुलते. हा तोलाचा आजार आहे का? (वय २९)

नाही. स्थिर कोणीच उभं राहत नाही. भिंत ओळंब्यात एकदा बांधली की झालं. माणसाचं तसं नसतं, त्याला दर क्षणी ओळंब्यात परत यावं लागतं.

तळहातावर झाडूचा दांडा उभा तोलून पाहा. हात सारखा थोडा इकडे, थोडा तिकडे करावा लागतो आणि हात थांबला की दांडा पडतो. उभं शरीर हा असाच उलटा लंबक आहे. त्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या मागच्या त्रिकोणी हाडाच्या, म्हणजे त्रिकास्थीच्या, दुसऱ्या मणक्याच्या जरा पुढे असतो. जमिनीपासून मोजलं तर उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर. १६० सेंमी उंचीच्या व्यक्तीत तो सुमारे ८८ सेंमीवर येईल. एवढ्या उंचीवरचा भार पावलांच्या छोट्याशा चौकटीत ठेवायचा तर दुरुस्त्या सतत चालूच राहणार. श्वास आणि हृदयाचे ठोकेसुद्धा शरीराला बारीक धक्के देत असतात. निरोगी माणसाचं हे डुलणं काही मिलिमीटरपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत असतं आणि बाजूंपेक्षा पुढे-मागे जास्त असतं. घोटा बिजागरीसारखा पुढे-मागे वळतो, तर आडव्या दिशेने दोन पाय चौकटीसारखे धरून ठेवतात.

या दुरुस्त्यांसाठी मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो : डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि तळपाय, घोटे, मानेचे स्नायू व सांधे यांतून येणारी जाणीव. धक्का लहान असेल तर घोट्यातून सावरलं जातं. मोठा असेल, किंवा उभं राहायची जागा अरुंद असेल, तर कमरेतून. तेही पुरलं नाही तर पाऊल टाकलं जातं. पाऊल टाकावं लागणं म्हणजे तोल बिघडला असं समजू नका, तोही सावरण्याचाच एक मार्ग आहे.

फोटोसाठी स्थिर दिसायचं असेल तर अंग आवळू नका, त्याने कापरं भरल्यासारखं दिसतं. एक पाऊल अर्धा फूट पुढे ठेवा आणि एका बोटाचं टोक भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला नुसतं लावा. रेटा द्यायचा नाही. आधार म्हणून उपयोगी पडणार नाही इतका हलका स्पर्शसुद्धा डुलणं कमी करतो, कारण बोटाकडून मेंदूला जागेची आणखी एक खबर मिळते. ही युक्ती पुढच्या उत्तरात जास्त गंभीर कामी येणार आहे.

प्रश्न : चालताना काही त्रास नाही. पण तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, भिंत धरावी लागते. रात्री अंधारातही तसंच. मधुमेह १४ वर्षांपासून आहे. (वय ६८)

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटल्यावर तोल जाणं, याचा अर्थ तुमचं शरीर उभं राहण्यासाठी डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबलं आहे. उरलेल्या दोन खबऱ्यांपैकी एक कमी पडतो आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात बहुतेक वेळा तो खबऱ्या तळपाय असतो. नसांची जाणीव बोटांकडून वर कमी होत जाते आणि ती इतकी सावकाश जाते की पत्ता लागत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही असंच होतं, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ही कमतरता होऊ शकते. पावलं जुळवून डोळे मिटून उभं करण्याची जी तपासणी डॉक्टर करतात, ती रोमबर्ग या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. ती तपासते ते हेच.

तेव्हा आधी तपासणी. तळपायाला १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू टेकवून आणि अंगठ्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) धरून जाणीव पाहतात. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. ब-१२ची रक्ततपासणी करून घ्या. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तोही एक वेगळा दोषी आहे आणि त्यावर औषधांचा डोस बदलून उपाय होऊ शकतो.

घरी करायची परीक्षा चार पायऱ्यांची आहे. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहा, समोर जड खुर्ची ठेवा, शेजारी कोणीतरी असू द्या. डोळे उघडेच. प्रत्येक पायरी १० सेकंद. पहिली, पावलं जुळवून. दुसरी, एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या टाचेच्या आतल्या बाजूला लागेल असा अर्धा मागे-पुढे. तिसरी, दोरीवर चालल्यासारखी एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. चौथी, एका पायावर. तिसरी पायरी १० सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. मग व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरू करा.

व्यायामाची सुरुवात कुठून करायची, ते हीच परीक्षा सांगते. जिथे थोडं डुलायला होतं पण १० सेकंद निभतात, ती तुमची पायरी. तिथे ३० सेकंद, तीन वेळा, रोज. बोटाचं टोक खुर्चीला. ३० सेकंद सोपे वाटू लागले की बोट काढा. मग त्याच स्थितीत मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवा. डोळे मिटणं सर्वांत शेवटी, तेही आधी पाच सेकंद आणि सोबत कोणी असतानाच. त्याच्या जोडीला खुर्ची धरून टाचा उचलणं १० ते १५ वेळा आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं १० वेळा. आठवड्याला सगळा मिळून तीन तासांचा हिशेब ठेवला तर पडण्याचं प्रमाण खरोखर कमी होतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं केल्याने काही होत नाही.

बहुतेक जण एक चूक करतात. जमायला लागलं की त्याच पायरीवर महिनोन्महिने घालवतात. न डुलता जमणारी पायरी तोलाला काही शिकवत नाही.

न्हाणीघरात भिंतीवर पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेल अडकवायची नळी नव्हे, ती वजनाने उपटून येते. साबण लावताना पावलं जुळवून उभं राहू नका. एक पुढे, एक मागे ठेवा आणि एका हाताची बोटं भिंतीला लावा. स्टुलावर बसून अंघोळ करणं सगळ्यांत शहाणपणाचं. रात्री पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा हवा, कारण अंधारात तुमचा उरलेला भरवशाचा खबऱ्याही जातो. मऊ, जाड तळव्याच्या चपला पायाला सुखाच्या वाटतात, पण जमिनीची खबर आणखी पुसतात. पातळ, थोडा टणक तळवा आणि मागून टाच धरणारं पादत्राण घ्या. जाणीव कमी असलेल्या पायाने अनवाणी मात्र फिरायचं नाही. जखम झालेली कळत नाही. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर पायऱ्या उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. तिथे थांबा, मान खाली करून वरच्या भिंगातून बघा.

हा त्रास हळूहळू आला म्हणून हे सगळं सवडीने करायला हरकत नाही. तोल अचानक गेला, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय जड झाला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र व्यायाम-बियायाम काही नाही, ताबडतोब रुग्णालय.

प्रश्न : माझा डावा पाय ८ मिलिमीटरने आखूड आहे असं टेपने मोजून सांगितलं आणि बुटात उंचवटा घालायला सुचवलं. घालू का? अधूनमधून कंबर दुखते. (वय ४१)

आधी मोजमापाबद्दल. टेप लावतात ती कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत. ही दोन्ही टोकं कातडीखाली चाचपून शोधायची असतात, त्यामुळे अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे सहज होतो. ८ मिलिमीटर हा आकडा त्या चुकीच्या घरातला आहे. शिवाय बहुतेक माणसांच्या दोन पायांत काही मिलिमीटरचा फरक असतोच आणि शरीर तो बिनतक्रार पचवतं. साधारण २ सेंमीपर्यंतच्या फरकाला, त्रास नसेल तर, काही करत नाहीत.

दुसरं, पाय खरोखर आखूड आहे की तसा भासतो आहे? एका बाजूचा तळपाय जास्त सपाट झाला, गुडघा पूर्ण सरळ होत नसला किंवा कण्याला बाक असला तरी कमरेची पाणसळ (दोन्ही बाजूंची समपातळी) बिघडते. अशा वेळी हाडाच्या लांबीत खोट नसते. सपाट तळपायाखाली टाचेचा उंचवटा घातला तर मूळ कारण तसंच राहतं.

तपासायचं असं : अनवाणी, दोन्ही गुडघे सरळ, भार दोन्ही पायांवर सारखा. दुसऱ्या माणसाने मागून दोन्ही हातांच्या कडा कमरेच्या हाडांवर ठेवून पाणसळ बघायची. डाव्या पायाखाली ३ मिलिमीटरची पट्टी सरकवायची, मग ५, मग ८. पाणसळ जुळली ती जाडी म्हणजे उभं असतानाचा फरक. झोपवून मोजलेल्या आकड्यापेक्षा हा उपयोगाचा. आणि त्या पट्टीवर उभं राहिल्यावर कंबरेला बरं वाटतं का, हेही तुम्हालाच विचारायला हवं. पाणसळ जुळली पण कंबर जास्त दुखू लागली, तर शरीराने आपला हिशेब आधीच जुळवून घेतला आहे.

बरं वाटत असेल तर ३ मिलिमीटरपासून सुरू करा, दोन आठवडे थांबा, मग वाढवा. पूर्ण फरक भरून काढायची गरज सहसा नसते. बुटाच्या आत साधारण १ सेंमीपेक्षा जास्त जाडी मावत नाही, टाच बाहेर निसटते. त्यापुढे तळवाच चढवावा लागतो. पण ८ मिलिमीटरसाठी आमचं मत विचाराल तर आधी सहा आठवडे खुबा आणि कमरेचे व्यायाम करा, उंचवट्याचं नंतर बघू.

प्रश्न : रोज सहा-सात तास उभं राहून काम. दुपारनंतर कंबर, टाचा, पोटऱ्या सगळंच. नीट उभं राहिलं तर थांबेल का? (केशकर्तनालयात काम, वय ३३)

एकट्या नीट उभं राहण्याने थांबणार नाही. उत्तम ओळंब्यातसुद्धा अर्धा तास न हलता उभं राहणं शरीराला मानवत नाही. पोटरीचे स्नायू आखडतात-सैल होतात तेव्हा रक्त वर ढकललं जातं. नुसतं धरून ठेवलेल्या पोटरीत ते साचतं, म्हणून संध्याकाळी पाय जड होतात.

कामाची उंची आधी बघा. मोजमाप कोपरापासून करायचं. बारीक, नजर रोखून करायचं काम कोपराच्या ५ ते १० सेंमी वर हवं, हलकं हातकाम १० ते १५ सेंमी खाली, जोर लावायचं काम त्याहूनही खाली. तुमच्या कामात गिऱ्हाइकाचं डोकं म्हणजे टेबल. खुर्ची वर-खाली होते ती गिऱ्हाइकासाठी नव्हे, तुमच्यासाठी आहे, आणि ती दर माणसागणिक बदलायचा कंटाळा हेच पाठदुखीचं मोठं कारण असतं. मानेजवळचं काम करताना खुर्ची वर घ्या, टाळूवरचं करताना खाली.

एक पाय ठेवायला १० ते १५ सेंमी उंचीची पायरी किंवा आडवी नळी ठेवा. पाय वर गेला की खुब्यापुढचा, कमरेच्या मणक्यांना जोडलेला स्नायू सैल होतो आणि कमरेची खोली (तिथला आत गेलेला खळगा) कमी होते. दोन-चार मिनिटांनी पाय बदला. एका पायावर भार टाकून, कंबर एका बाजूला सोडून उभं राहण्याला लोक नावं ठेवतात. आमचा त्याला विरोध नाही, अट एवढीच की बाजू बदलत राहा. दिवसभर त्याच कुशीवर लटकलात तर त्या बाजूच्या खुब्याबाहेर दुखायला लागणारच.

पायाखाली चटई घ्यायची तर अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारी घ्या. पाऊल रुतेल इतकी मऊ चटई घोट्यांना उलट जास्त राबवते. दर १५-२० मिनिटांनी दहा वेळा टाचा उचला. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाऊल फुगलेलं असतं. आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधली मिनिटं उभ्याने गप्पांत घालवू नका, बसा.

प्रश्न : मुलीचा एक खांदा खाली दिसतो. ‘नीट उभी राहा’ म्हणून घरात रोज वाद. (मुलीचं वय १२)

वाद थांबवा आणि दोन मिनिटांची तपासणी करा. पाठ उघडी, पाय जुळवलेले, गुडघे सरळ. दोन्ही तळवे एकमेकांना जोडून तिला पुढे वाकायला सांगा, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुम्ही मागून, पाठीच्या पातळीवर नजर आणून बघा. पाठीच्या दोन बाजू सारख्या उंचीवर असतील, तर उभं असताना दिसणारा फरक बहुधा सवयीचा आहे. एका बाजूला बरगड्यांचा किंवा कमरेचा उंचवटा वर आला, तर मणके वाकण्याबरोबर पिळलेही आहेत. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

घाई एवढ्यासाठी की हा बाक उंची झपाट्याने वाढते त्या वर्ष-दोन वर्षांत वाढतो. क्ष-किरण चित्रावर १० अंशांपुढचा बाक असेल तरच त्याला ‘स्कोलिओसिस’ (कण्याचा बाजूला गेलेला बाक) हे नाव देतात. वाढत्या मुलांत साधारण २५ अंशांपुढे पट्ट्याचा विचार होतो, त्याखाली बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. पहिली तपासणी ठीक आली तरी उंची वाढणं थांबेपर्यंत चार-सहा महिन्यांनी पुन्हा वाकवून बघा. दप्तर एका खांद्यावर घेतल्याने हा बाक येत नाही. मान-पाठ मात्र दुखते, म्हणून दप्तर दोन्ही खांद्यांवर आणि वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत. आणि ‘नीट उभी राहा’ म्हटल्याने पिळलेला मणका सरळ होत नाही. मूल तेवढं कानकोंडं होतं.

प्रश्न : पोक काढून उभा राहतो, डोकं पुढे येतं. पाठीला बांधायचा पट्टा घ्यावा का? (वय २४)

पाठ भिंतीला टेकवा, टाचा भिंतीपासून ५ सेंमीवर. नजर समोर ठेवून डोक्याचा मागचा भाग सहज टेकतो का? थोड्या प्रयत्नाने टेकत असेल तर तुमचा बाक लवचीक आहे आणि २४व्या वर्षी बहुधा तसाच असतो. हनुवटी वर उचलल्याशिवाय टेकतच नसेल तर पाठीचा वरचा भाग ताठरला आहे. (साठीपुढच्या वाचकांसाठी : डोकं टेकेनासं झालं आणि तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमी किंवा जास्त घटली, तर हाडांची घनता तपासून घ्या. पाठीचा मणका दबून मोडलेला असू शकतो आणि तो दर वेळी दुखतोच असं नाही.)

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते खांद्यांच्या रेषेवर असताना मानेच्या मागच्या स्नायूंना थोडंच धरावं लागतं. पुढे जाईल तितका तरफेचा दांडा लांबतो आणि तेच पाच किलो जड होत जातात. पाणी भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि हात लांब करून धरा, तोच फरक.

पट्टा खांदे मागे ओढतो, पण पुढे आलेल्या डोक्याला हात लावत नाही. उलट खांदे ओढले की कित्येक जण कमरेतून मागे कलतात आणि डोकं आणखी पुढे काढतात. आठवण राहावी म्हणून दिवसातून २०-३० मिनिटं बांधायला हरकत नाही. दिवसभर बांधून पाठ सुधारेल ही आशा सोडा. त्यापेक्षा तीन गोष्टी करा. टॉवेलची जाड गुंडाळी पाठफळ्यांच्या खालच्या टोकांखाली आडवी ठेवून उताणं पडा, डोकं हातांनी तोलून धरा आणि दहा सावकाश श्वास घ्या. उठून हनुवटी टेबलाच्या खणासारखी सरळ मागे सरकवा, पाच सेकंद धरा, दहा वेळा. नजर खाली-वर झाली तर चुकतंय. आणि रबरी पट्टा दाराला अडकवून कोपरं मागे ओढा, १२ वेळांचे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. पहिले दोन प्रकार रोज. फरक दिसायला आठ-दहा आठवडे लागतात.

थोडक्यात

*रांगेत बराच वेळ उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.* उभं राहिल्यावर अर्धा ते पाऊण लिटर रक्त शरीराच्या खालच्या भागाकडे उतरतं. पोटऱ्या हलल्या नाहीत तर ते तिथेच राहतं. अंधारीच्या आधी जांभई, घाम, मळमळ जाणवते. त्याच क्षणी पायांची अढी घालून मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळा, मुठी वळा. ओसरलं नाही तर लाज न बाळगता खाली बसा. छातीत धडधड होऊन किंवा व्यायाम करताना शुद्ध गेली तर हृदयाची तपासणी हवी.

*सातव्या महिन्यात आहे, कंबर पुढे ओढल्यासारखी वाटते.* पोटाचा भार पुढे गेल्यामुळे धड मागे कलून तोल साधतं, त्यात कमरेची खोली वाढते. हे शरीराचं बरोबर चाललेलं आहे, ते बळाने सपाट करू नका. पावलं थोडी रुंद ठेवा, गुडघे मागे दाबू नका, केशकर्तनालयाच्या उत्तरातली, एक पाय ठेवायची पायरी वापरा. पायापुढची जमीन दिसत नाही, तेव्हा जिना उतरताना कठडा धरा.

*उंच टाचांनी उभं राहणं बिघडतं का?* भार चवड्यावर सरकतो, तळाची चौकट लहान होते आणि घोटा खालच्या दिशेला वळलेला राहिल्यामुळे मुरगळायला सोपा होतो. कमरेची खोली सगळ्यांचीच वाढते असं नाही, काहींची उलट कमी होते. वर्षानुवर्षं रोज वापरल्यावर पोटरी आखूड होते. मग सपाट चपलेत टाचेमागची कंडरा ताणून दुखते. सोडायच्या असतील तर एकदम नको, महिन्या-दोन महिन्यांत उंची टप्प्याटप्प्याने उतरवा.